माझे साडू आणि उजेडाची काळजी

सूर्यावर अविश्वास दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा साडू निघाला. इतरांचा अविश्वास माणसांवर असतो, सरकारवर असतो, फार तर हवामान खात्यावर असतो. माझ्या साडूंचा उजेडावर भरवसा नव्हता. वर्धा जिल्ह्यातला माणूस सकाळी अंगणात येऊन आभाळाकडे पाहतो तो पावसासाठी. हे पाहत ते आज उजेड किती निघाला आहे आणि तो किती वेळ टिकेल या चिंतेने. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आणि कुत्री उभ्या बसगाड्यांखाली सावली धरून पडतात. त्या दिवसांतही त्यांच्या कपाळावरची आठी जात नसे. अशाच एका दुपारी वर्ध्याच्या बसस्टँडवर मी त्यांना म्हटलं की आज तरी उजेड भरपूर आहे. ते म्हणाले, "भरपूर हाये, साडभाऊ, तेच तं भेव हाये."

ते वर्ध्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते आणि त्यांची बायको माझ्या बायकोची मोठी बहीण. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे फोटोंविषयी मला सर्व काही कळतं अशी त्यांची समजूत होती. मला फोटोखालच्या ओळी लिहिता येत, एवढाच माझा फोटोंशी संबंध. त्यांना छायाचित्रणाचा छंद होता. छंदाने माणसाला विरंगुळा मिळतो असं म्हणतात, त्याचा काही पुरावा मला त्यांच्या घरात मिळाला नाही. सत्तरच्या सुमारास त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा होता. त्यात उजेड मोजायची सोय नव्हती. फिल्मच्या डबीत एक कागद येई आणि त्यावर चित्रं असत: कडक ऊन, धूसर ऊन, ढगाळ, गच्च ढगाळ. कोणत्या उजेडात भिंगाचं छिद्र किती उघडायचं आणि शटर किती वेगाने पाडायचं, हे त्या चित्रांखाली लिहिलेलं असे. साऱ्या देशाचं त्या कागदावर भागत होतं. माझे साडू तो कागद हातात धरून आभाळाखाली उभे राहत आणि वरचा ढग कागदावरच्या ढगाशी ताडून पाहत. कागदावरचा ढग परदेशी आहे, असा ढग सेलू-वर्ध्याकडे येतच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. या तपासात ऊन निघून जाई, ढग निघून जाई आणि ज्यांचा फोटो काढायचा ती माणसंही हळूहळू निघून जात.

मग त्यांनी लाइट मीटर आणला. तळहातात मावेल एवढा डबा, त्याला जाळीदार पांढरा डोळा आणि आत थरथरणारा एक काटा. काळ्या दोरीने तो त्यांच्या गळ्यात लटकू लागला आणि त्यानंतर तो गळा मी मोकळा पाहिला तो एकदाच. सेलूच्या बाजारात एका वांगेवालीने त्यांना वजनमापं तपासणारा साहेब समजून आपलं तागडं पोत्याखाली सरकवलं होतं. त्यांच्या कचेरीतल्या शिपायाला तो दम्यावरचा काहीतरी इलाज वाटे. साडूंना या गैरसमजांची खबर नसावी, कारण त्यांचे डोळे काट्यावर असत. लग्नाच्या पंगतीत भाताच्या मुदीवर ते मीटर धरत. सिनेमा थिएटरमध्ये पडद्याकडे धरत आणि खेळ मध्यापर्यंत आला की अंधार वाढला असल्याचं शेजाऱ्याला कळवत. कुणाच्या घरी गेले की आधी चारी कोपऱ्यांतला उजेड मोजून मगच बसत, आणि ती जागा बहुधा घरच्या आजारी माणसाच्या खाटेवर येई. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यावरचा उजेड इतका वेळ मोजला, की आत्याने कंटाळून नाव ठेवून टाकलं आणि बायका घुगऱ्या खायला बसल्या. फोटोत रिकामा पाळणा आला. मूल तोवर दूध प्यायला आत गेलं होतं.

मोजलेल्यावर विश्वास ठेवला असता तरी चाललं असतं. एकदा मोजून त्यांचं समाधान होत नसे. दुसऱ्यांदा मोजलं की आकडा बदले, तिसऱ्यांदा मोजलं की दोन्ही आधीचे आकडे संशयास्पद ठरत. तिन्ही आकड्यांचा मध्य काढेपर्यंत सूर्य थोडा सरकलेला असे आणि सरकलेल्या सूर्याला जुना आकडा लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. सरावासाठी हक्काचं माणूस म्हणजे बायको. ती चुलीवरून उठून दारात उभी राही, पदर नीट करी, आणि आतून वास येऊ लागला की म्हणे, "भाजी करपून राह्यली अन् तुमाले उजेड सुचून राह्यला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्या घरातली न करपलेली भाजी कशी लागते हे मला सांगता येणार नाही.

मोजलेल्या आकड्यावरच्या या अविश्वासाचं मूळ मला माहीत आहे. आम्हा दोघांची सासुरवाडी सेलूपासून आत एका गावात. सासरे कापूस, तूर आणि नाल्याकाठच्या वावरात वांगी, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावत. एका वर्षी कापूस चांगला आला. पडवीभर पांढरा ढीग लागला आणि सासूबाईंनी त्या ढिगात बसून फोटो काढून घ्यायची इच्छा दाखवली. त्यांची ती पहिलीच इच्छा होती म्हणून साडूंनी मीटर काढला, ढिगाकडे धरला आणि काट्याने जे सांगितलं ते अक्षरशः पाळलं. फोटो आला तेव्हा त्यात राखाडी रंगाचा एक डोंगर होता आणि डोंगराच्या मध्यभागी माणसाच्या आकाराचं भोक होतं. सासूबाईंनी तो फोटो उलटासुलटा करून पाहिला. मग सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "जावईबापू, मी कापसात बसलती का कोयशाच्या वखारीत?"

मीटरचा यात दोष नव्हता. उजेड मोजणाऱ्या प्रत्येक यंत्राची समजूत अशी असते की समोरचं जग राखेच्या रंगाचं आहे, फार काळं नाही आणि फार पांढरं नाही. यंत्र त्या बेताने सल्ला देतं. समोर कापसाचा ढीग आला की त्याला वाटतं उजेडच फार झाला, ते छिद्र लहान करायला सांगतं, कापूस राखाडी होतो आणि त्यातलं माणूस काळं पडतं. ही गोष्ट साडूंना पुढे कुणीतरी समजावून सांगितली. समजल्यामुळे त्यांची काळजी कमी होण्याऐवजी वाढली, कारण आमच्या भागात पांढरं फार. कापूस पांढरा, धोतरं पांढरी, टोप्या पांढऱ्या, पवनारकडे कातायला बसणारी माणसं नखशिखांत पांढरी. तिकडच्या एका सूतकताईच्या मेळाव्याचा त्यांनी काढलेला फोटो मी पाहिला आहे. टोप्या आल्या होत्या, चरखे आले होते, माणसं आली नव्हती. त्यानंतर कुणी स्वच्छ धुतलेले कपडे घालून समोर उभं राहिलं की त्यांचा चेहरा उतरे. फोटोला येताना जरा मळके कपडे घालून येजो, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे दुखावत.

ऐंशीनंतर त्यांचा एक चुलतभाऊ आखातात नोकरीला गेला आणि सुटीवर येताना त्यांच्यासाठी नवा कॅमेरा घेऊन आला. उजेड मोजायचं यंत्र त्याच्या पोटातच होतं. वरच्या चकतीवर वेगवेगळ्या खुणा होत्या. एका खुणेवर ठेवलं की छिद्र आणि शटर दोन्ही आपण ठरवायचं. दुसऱ्या खुणेवर छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवी. तिसऱ्या खुणेवर कॅमेरा दोन्ही ठरवी आणि आपण फक्त बटण दाबायचं. आम्हाला वाटलं आता सुटका झाली. चार दिवसांत लक्षात आलं की पूर्वी ते एका यंत्रावर संशय घेत, आता दोन यंत्रांवर घेतात. गळ्यातला मीटर एक सांगे, कॅमेरा दुसरं सांगे. साडू दोघांची बाजू ऐकून घेत आणि निकाल राखून ठेवत. तिसऱ्या खुणेचा तर त्यांना रागच होता. ते म्हणत, "हे मशीन माह्याऐवजी इचार करते. मंग मी इथं काऊन उभा हाओ?" मग पहिल्या खुणेवर येत, तिथे सगळी जबाबदारी आपली असल्याचं ध्यानात येई, घाबरून दुसरीवर जात. चकतीच्या टोकाला आणखी एक खूण होती. तिथे बोट दाबून ठेवावं तितका वेळ शटर उघडं राही आणि कॅमेरा काहीच सल्ला देत नसे. त्या खुणेकडे ते पाहतही नसत.

अशा माणसाला आमच्या सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही दोघं मामाजी म्हणत असू, एक फोटो काढायला सांगितला.

मामाजींची बैलजोडी विजोड होती. पूर्वी दोन्ही बैल पांढरे, गवळाऊ जातीचे होते, त्यातला एक साप चावून गेला. त्याच्या जागी आणलेला बैल काळा कुळकुळीत निघाला. मामाजी पांढऱ्याला बुढा म्हणत आणि काळ्याला पोट्टा. दोघांची उंची जुळत नव्हती, चाल जुळत नव्हती, पण काही वर्षांत ते असे एकमेकांना लागले की एकाला पाणी दाखवायला सोडलं तर दुसरा दावणीला ओढ देई. आता बुढा थकला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. ढोरांचा डॉक्टर सांगून गेला होता की हा हिवाळा काढत नाही. मामाजींना फोटोंचं वेड नव्हतं, त्यांचा स्वतःचा फोटो घरात नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं की यंदाच्या पोळ्याला वेशीवरच्या तोरणाखाली दोघांसंगती माझा एक काढून ठेवा, पुढच्या पोळ्याला तो राहणार नाही. सांगून ते वावरात गेले. साडू ओसरीवर बसून राहिले. एकाच चौकटीत एक पांढराशुभ्र बैल, एक काळा बैल आणि मध्ये पांढऱ्या धोतर-टोपीतला सावळा माणूस. पांढऱ्याकडे पाहून मोजलं तर काळा आणि मामाजी दोघेही अंधारात जाणार. काळ्याकडे पाहून मोजलं तर पांढऱ्याची नुसती कोऱ्या कागदासारखी कड उरणार. ज्या एका गोष्टीला ते पंधरा वर्षं भीत होते, ती मामाजींनी दावणीला बांधून ठेवली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल सजवून फिरवतात. त्यासाठीचे लाकडी बैल बाजारात महिनाभर आधीपासून येतात. साडूंनी दोन आणले. एकाला चुना लावला, एकाला काजळी. मध्ये मुलीची बाहुली उभी करून तिच्या डोक्यावर कागदाची टोपी ठेवली आणि कचेरीतून आल्यावर रोज संध्याकाळपर्यंत त्या तिघांचं माप घेत बसू लागले. मुलगी बाहुली मागून रडे. मी एका रविवारी गेलो तेव्हा वऱ्हांड्यात हा देखावा मांडलेला होता आणि साडू जमिनीवर पालथे पडले होते. त्यांनी मला वर न पाहताच सांगितलं की झोप लागत नाही. आभाळ आलं तर काय, ऊन पडलं तर काय, शिंगांना लावलेली बेगड चमकून मीटरला फसवेल त्याचं काय. मी म्हटलं, नाही जमला तर मामाजी काही म्हणायचे नाहीत. ते म्हणाले, "नाई म्हनत ना. सासूबाई निदान बोलल्या तरी. मामाजी फोटो घडी करून खिशात ठेवतीन अन् वावरात जातीन."

पोळ्याला आम्ही दोघं जावई सकाळीच पोचलो. आभाळ फाटकंतुटकं होतं, ऊन येई आणि जाई. साडूंची अवस्था दावणीच्या बैलांपेक्षा वाईट होती. बैलांची आंघोळ झाली, शिंगं रंगली, झुली निघाल्या. दुपारी मामाजी तोरणाच्या तयारीला गेले असताना साडूंना एक उपाय सुचला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके काढतातच. ठिपक्यांऐवजी बुढ्याच्या सगळ्या अंगाला पातळ गेरू फासला तर त्याचा पांढरेपणा उतरेल. पोट्ट्याला ज्वारीचं पीठ चोळलं तर त्याचा काळेपणा चढेल. दोघं मध्यावर भेटतील आणि मीटरला हवं तसं राखाडी जग तयार होईल. कॅमेरा बदलत नाही तर बैल बदलावे, असा हा विचार होता. गेरू टिकावा म्हणून त्यांनी तो जवसाच्या तेलात कालवला. सासूबाई दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पीठ मले इच्यारून नेलं, बरं केलं. बईलाले इच्यारलं काय?"

मीही हातात गेरूचं टोपलं धरून उभा होतो, हे नोंदवायला हवं.

काम संपवून साडूंनी मीटर दोघांवर धरला. काटा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान होतं ते मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. ते फार टिकलं नाही. गड्याने जोडी एकत्र आणण्यासाठी दावं सोडलं तशी पोट्ट्याने बुढ्याच्या मानेजवळ नाक नेलं, जोराने फुरफुरला आणि उडी मारून मागे सरला. गड्याच्या हातून दोर सुटला. पोट्टा पिठाचा धुरळा उडवत कुंपणापर्यंत गेला आणि तिथे वळून जोडीदाराकडे अनोळखी बैलाकडे पाहावं तसा पाहत राहिला. बुढा जागेवर उभा होता. त्याने एक पाऊल डावीकडे टाकलं, जिथे रोज पोट्ट्याचा खांदा असे. तिथे काहीच नव्हतं. मग त्याच्या चारी पायांना कंप सुटला. कातडी थरथरू लागली, मान इकडेतिकडे फिरू लागली आणि नाकपुड्या उघडझाप करू लागल्या. घुंगरं अंगावरच वाजत होती. आम्ही कुणी जवळ गेलो की तो आणखी मागे सरे. मागे विहिरीचा कठडा होता.

मामाजी आले ते हा आवाज ऐकूनच. त्यांनी बुढ्याकडे पाहिलं, कुंपणापाशी उभ्या पांढुरक्या पोट्ट्याकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. मग वशिंडावर हात ठेवून बुढ्याला कठड्यापासून हळूहळू पुढे आणलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "जावईबापू, त्याले दिसत नाई. तो वासावर चालते. तुमी वासच पुसला त्याचा."

माझ्या साडूंनी गळ्यातला मीटर काढून माझ्याकडे दिला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि विहिरीवर बादली सोडली. पिठाला काही वेळ लागला नाही. तेलातला गेरू निघेना. रिठ्याचं पाणी झालं, कपड्याच्या साबणाची वडी संपली. साडू बुढ्याच्या पोटाखाली वाकून हातांनी चोळत होते आणि अंगावर तांबडं पाणी ओघळत होतं. मधूनमधून ते आभाळाकडे पाहत. ढग पश्चिमेला गोळा झाले होते. गावातून डफाचा आवाज येऊ लागला, झडत्यांची गाणी सुरू झाली, एकेक जोडी तोरणाकडे निघाली. पोळा एका बैलासाठी थांबत नाही. मामाजी पोट्ट्याला घेऊन जवळच उभे होते आणि दर थोड्या वेळाने त्याचं नाक बुढ्याच्या मानेकडे नेत होते. तो फुरफुरे, मामाजी पुन्हा थांबत. घाई करा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यामुळे साडू जास्तच घाईने चोळत होते. शेवटी पोट्ट्याने नाक नेलं आणि काढलं नाही. मग जिभेने बुढ्याची मान एकदा चाटली. बुढ्याने खांदा त्याच्या खांद्याला टेकवला आणि त्याचे पाय स्थिर झाले. तोवर घरातल्या बायकांनी देवापाशी दिवा लावला होता.

आम्ही तोरणापाशी पोचलो तेव्हा पोळा फुटत होता. तोरण तुटलं, माणसं आणि बैल एकदम चारी वाटांनी पांगू लागले, धुरळा उठला. मामाजींनी आपली जोडी तुटल्या तोरणाच्या खाली नेऊन उभी केली आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. साडूंनी तिपाई रोवली, कॅमेरा बसवला. माझ्याकडून मीटर घेऊन बुढ्याकडे धरला. काटा हलला नाही. पोट्ट्याकडे धरला, हलला नाही. इतक्या कमी उजेडात तो मीटर चालतच नव्हता. कॅमेऱ्यात डोकावले तर आतला लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे त्याच्याच्यानेही होत नव्हतं. त्यांनी चकती एका खुणेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर नेली. लाल दिवा तसाच राहिला. मग ते माझ्याकडे वळले. तो चेहरा पाहून मलाच भीती वाटली. त्यांनी विचारलं, "साडभाऊ, किती उजेड देऊ?" मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

मामाजींना आमचं बोलणं ऐकू गेलं असावं. ते म्हणाले, "आमी उभे हाओ. तुमचं होऊ द्या."

साडूंनी चकती शेवटच्या खुणेवर नेली, जिकडे ते पाहत नसत. बटणावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि दाबलं. शटर उघडल्याचा आवाज आला. मागे गाव पांगत होतं, डफ वाजत होता, गडी ओरडत होते. समोर तिघं उभे होते. किती वेळ गेला ते मी मोजलेलं नाही. साडू ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते, ते आकडे होते की देवाचं नाव, हे मी त्यांना पुढेही विचारलं नाही. मग बोट उचललं. दुसरा काढावा म्हणून ते फिल्म पुढे सरकवेपर्यंत मामाजी बैल वळवून घरी निघाले होते. बुढा दमला होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडू न कळवता नागपूरला माझ्या कचेरीत आले. पाकिटातून फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मी इतकी वर्षं रोज फोटो पाहत होतो, तरी तो मला बराच वेळ पाहावा लागला. बुढा पांढरा आला होता, त्याच्या खांद्यावरचा जुवाचा घट्टा दिसत होता. पोट्टा काळा आला होता, त्याच्या कातडीवरचे ओले केसही दिसत होते. दिवेलागणीच्या त्या मंद उजेडाने दोघांना सांभाळून घेतलं होतं. मागचं गाव हललं होतं, त्याचा धूर झाला होता. मामाजींचा चेहरा स्वच्छ होता. एकच गोष्ट बिघडली होती. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ठीक होता आणि पुढे नव्हता. तिथे बुढ्याच्या मानेवर नुसती वाफेसारखी एक करडी रेघ होती. शटर उघडं असताना ते बुढ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले होते.

साडूंनी सांगितलं की गावाहून निरोप आला आहे, बुढा बसला. बसलेला बैल उठत नाही हे मलाही ठाऊक होतं. फोटो आजच पोचवायचा आणि त्याआधी हा हात दुरुस्त करायचा, यासाठी ते आले होते. आमच्याकडे छपाईआधी फोटोंवर ब्रश फिरवणारा एक कलाकार होता. त्याने फोटो उजेडात धरला आणि सोपं काम आहे म्हणाला, चहा येईपर्यंत पाच बोटं काढून देतो. त्याने करडा रंग कालवला, ब्रशला टोक आणलं. साडू त्याच्या शेजारी उभे होते. ब्रश कागदाला लागायच्या आधी त्यांनी विचारलं, "हात कुठं ठेवसान?" कलाकार म्हणाला, मानेवर, दुसरा कुठे. साडूंनी पुन्हा विचारलं, मानेवर म्हणजे नेमका कुठे, वर की खाली. कलाकाराने सांगितलं की हात एकाच जागी काढता येतो. साडूंनी फोटो उचलून पाकिटात घातला आणि मला म्हणाले, चला.

आम्ही दुपारच्या बसने सेलूला उतरलो आणि पुढे बैलगाडीने गावात गेलो. वाटेत त्यांनी तीनदा पाकीट उघडून पाहिलं. आपण चूक केली, परत जाऊन हात काढून घ्यावा, असं एकदा म्हणाले. मामाजी गोठ्यात बसले होते. बुढा आडवा होता, पोट्टा त्याच्या पलीकडे बांधलेला होता. मामाजींनी हात धोतराला पुसले, फोटो घेतला आणि गोठ्याच्या दारात उजेडाला आले. त्यांनी बुढ्यावरून बोट फिरवलं, पोट्ट्यावरून फिरवलं, मग त्या रेघेपाशी थांबले.

"हा धूर कायचा होय?"

साडूंनी खाली पाहून सांगितलं की तो तुमचा हात आहे, हलला म्हणून नीट आला नाही, शटर फार वेळ उघडं राहिलं, चूक माझी. एवढं ते एका दमात बोलले. मामाजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"म्हंजे जितका येळ मी हात फिरवला, तितका सारा येळ याच्यात हाये काय?"

माझे साडू, जे भर दुपारच्या उन्हालाही होकार देत नसत, त्यांनी आभाळाकडे पाहिलं नाही, मीटरला हात लावला नाही.

"हाये," ते म्हणाले.

मामाजींनी फोटोची घडी केली नाही. तो तसाच दोन्ही हातांनी धरून ते आत गेले आणि बुढ्याजवळ बसले. आम्ही दाराशी उभे होतो. उजेड कमी होत होता आणि साडूंनी तो जाऊ दिला.